खाली बघणारी बाग

आमचे भाऊजी देवभोळे. सकाळी चहाच्या आधी प्रार्थना, रात्री निजताना प्रार्थना, आणि मधल्या वेळात कुणी शिंकलं तर त्याच्या नावानं एक छोटीशी. असा माणूस एक दिवस देवाच्याच जाहिरातीला आडवा जाईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे सगळं माझ्या डोक्यावरच घडलं. ज्या बागेत मी तिकिटं विकते, तिथं माझ्या खिडकीचं छत म्हणजे भाऊजींच्या खोलीची जमीन.

बाग म्हणजे पाळण्यांची बाग. एक मोठा उभा पाळणा, फिरणारे लाकडी घोडे, रडतखडत चालणारी छोटी आगगाडी आणि होड्यांचं तळं. सुट्टीच्या दिवशी चार हजार माणसं सहज येतात. एवढ्या गर्दीत दिवसाला तीन-चार मुलं हरवायचीच. पहारेकरी त्यांना लोखंडी जिन्यानं वर नेऊन सोडतात. वर एक टेबल, एक मायक्रोफोन, एक बाक, बिस्किटांचा डबा आणि भाऊजी. भोंग्यावरून पुकारा करून मूल ज्याचं त्याला परत करायचं, एवढंच त्यांचं काम.

ऐकायला सोपं आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक चिमुरडी आली. त्यांनी विचारलं, "आईचं नाव काय?" ती म्हणाली, "आई."

"दिसते कशी?"

"छान."

"कपडे कुठले घातलेत?"

"बाहेर जायचे."

भाऊजींनी प्रामाणिकपणे पुकारा केला, की बाहेर जायचे कपडे घातलेल्या छान दिसणाऱ्या आईनं कार्यालयात यावं. तीनशे बायका जिन्याशी जमल्या, असं भाऊजी सांगतात. त्यातल्या दोनशे नव्वद आपण वजा कराव्यात.

मग ते हात टेकून त्या मुलीशेजारी जमिनीवर बसले. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की इतक्या खालून माणसांचे चेहरे दिसतच नाहीत. दिसतात ती पावलं. त्यांनी विचारलं, "आईच्या पायात काय आहे?" आणि मुलगी घडाघडा बोलायला लागली. काळ्या चपला, उजवा अंगठा तुटून शिवलेला, टाचेला चिखल, आणि एक नख निळं, कारण त्यावर डबा पडला होता. हा पुकारा झाल्यावर चार मिनिटांत आई धापा टाकत वर.

तेव्हापासून भाऊजी चपला पुकारायला लागले. मुलाचं नाव कधीच सांगायचं नाही, कारण नाव ऐकून कुणीही सोम्यागोम्या येऊन 'माझंच' म्हणेल. आईनं यायचं, पाय पुढे करायचा, मुलानं मान हलवायची, मगच मूल ताब्यात. आणि दुसरा नियम याहून कडक. भोंग्यावरून दुसरं काही म्हणजे काही बोलायचं नाही. गाणी नाहीत, सूचना नाहीत, बाग बंद होतानाही नुसती घंटा. त्यामुळे भोंगा खरखरला, की बाग समजायची: कुणाचं तरी लेकरू वर बसलंय.

आणि मग अख्खी बाग थांबून आपापल्या पायांकडे बघायची. घोडे फिरवणारा बघायचा, होडीवाला बघायचा. ज्यांना मूलबाळ नाही तेही बघायचे. मीसुद्धा काउंटरखाली बघायची, आणि माझी मुलं आता मिशीवाली आहेत. माझ्या खिडकीसमोरची रांग एका झटक्यात मान खाली घालायची आणि मला नुसते भांग दिसायचे. अठरा वर्षांत या गावचे जितके भांग मी पाहिले तितके न्हाव्यानंही पाहिले नसतील. मूल ताब्यात दिलं, की भाऊजी वरून टाचेचे दोन ठोके द्यायचे. माझ्या टेबलावर छताची माती पडायची, ती मी फुंकायची आणि पुढचं तिकीट फाडायची. भाऊजींच्या बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही असं झालं नाही, की बंद व्हायची घंटा झाली आणि मूल बाकावरच आहे. या गोष्टीचा भाऊजींना गर्व नव्हता, पण झोप चांगली लागायची.

त्यांना याच्याइतकीच प्रिय गोष्ट दुसरी एकच होती. ते आणि माझी ताई ज्या प्रार्थनामंडळात जातात, तिथं दर रविवारी सकाळी सात वाजता ग्रंथाचं पान वाचायचा मान भाऊजींचा. पंधरा वर्षं सलग. ताई पहिल्या ओळीत बसायची आणि आपणच ग्रंथ लिहिलाय अशा चेहऱ्यानं मागं वळून बघायची.

या मंडळाला नवे प्रसिद्धीप्रमुख आले. गोल, टकले, सज्जन गृहस्थ. दुसऱ्या गावाहून बदलून आलेले. एका सुट्टीच्या दिवशी नातींना घेऊन बागेत आले आणि उभ्या पाळण्यात बसले. पाळणा अगदी वर गेला. तिथं गेल्यावर देव सगळ्यांनाच आठवतो, आणि तोही फुकट. नेमका त्याच वेळी भोंगा बोलला. वरती मोटारीच्या घरघरीत त्यांना शब्द कळले नाहीत, पण आवाज ओळखीचा वाटला. आपल्या मंडळाचा वाचक! आणि खाली बघतात तो काय, चार हजार माणसं जागच्या जागी थांबली, सगळ्यांनी माना लववल्या, बाग शांत. प्रसिद्धीप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाळण्यातून उतरले ते थेट मॅनेजरच्या खोलीत. म्हणाले, असा भाविक समाज आयुष्यात पाहिला नाही. आमचा वाचक बोलतो आणि माणसं आपोआप माना झुकवतात. मग आमच्या मंडळाचे चार शब्दच का नकोत भोंग्यावर? रीतसर जाहिरात म्हणून.

आमचा मॅनेजर देव मानत नाही. तो घसरगुंडीचा रंग मानतो, आणि तो रंग उडाला होता. लोक पायांकडे का बघतात हे त्याला पक्कं माहीत होतं. मी नंतर विचारलं, तुम्ही त्या भल्या माणसाला सांगितलं का नाही? तो म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही."

जाताना प्रसिद्धीप्रमुख जिना चढून वर गेले आणि भाऊजींना त्यांनी मिठीच मारली. "इतकं मोठं काम करताय, आणि मंडळात एका शब्दानं बोलला नाहीत!" भाऊजींना वाटलं, मुलांबद्दलच बोलतायत. ते लाजून म्हणाले, "माझं कसलं, सगळी त्याचीच कृपा." झालं. गावात ही गोष्ट ज्याला त्याला माहीत, म्हणून ती कुणालाच सांगायची वेळ येत नाही. हा एक माणूस तेवढा बाहेरून आलेला होता.

जाहिरातीचं भाऊजींना कळलं ते संध्याकाळी. ते मॅनेजरला म्हणाले, "भोंगा मुलांसाठी आहे."

"सगळी देवाचीच लेकरं ना?" मॅनेजर म्हणाला. देव न मानणाऱ्या माणसाला अशी वाक्यं बरोबर सुचतात.

मी मध्ये तोंड घातलं. मला सवय आहे. म्हटलं, "होडीवर साबण आहे, कुंपणावर छत्री आहे, बाकावर दंतमंजन आहे. तिथं लावा की देव. ज्याला वाचायचं तो वाचेल, ज्याला नको तो पुढं जाईल. भोंग्याला झाकण नसतं आणि कानालाही नसतं. लोक इथं घटकाभर मजा करायला येतात, त्यांना धरून का ऐकवायचं?"

"होडीवर पाणी उडतं," मॅनेजर म्हणाला. "आणि बाकावर लोक बसतात. देवावर बसलेलं चालेल तुम्हाला?"

मी खिडकीत परत जाऊन तिकिटं मोजायला बसले.

घरी ताईनं वेगळीच आघाडी उघडली. "अहो, साबणवाल्याला नाही म्हणा, छत्रीवाल्याला खुशाल हाकलून द्या. पण देवाला नाही म्हणणारे तुम्ही कोण?" भाऊजींनी तिला समजवायचा प्रयत्न केला, की मी देवाला नाही म्हणत नाही, भोंग्याला म्हणतोय. तीन दिवस घरात ताटांचाच आवाज येत होता. बायको आणि देव एकाच बाजूला उभे राहिले, तिथं भाऊजींची काय डाळ शिजणार? चौथ्या दिवशी त्यांनी मान तुकवली.

मजकूर मंडळानं पाठवला. दर अर्ध्या तासाला वाचायचा. "थांबा. मान लववा. तो तुमची हाक ऐकतो. तो तुमची वाट पाहतो आहे. प्रार्थनामंडळ, दर रविवारी सकाळी सात वाजता."

पहिल्या दिवशी भाऊजींनी तो मनापासून वाचला. बाग थांबली. सगळ्यांनी पायांकडे पाहिलं. मिनिटभर कुणी हललं नाही, कारण जो तो पुढच्या वर्णनाची वाट बघत होता. मग तीन बायका जिना चढून वर गेल्या. "काका, वाट पाहतोय म्हणालात, पण चपला सांगायच्या राहिल्या." एक बाप तर दोन्ही पोरं काखोटीला मारून आला. म्हणाला, "दोघंही माझ्याजवळच आहेत, पण म्हटलं खात्री करून घ्यावी." प्रसिद्धीप्रमुख त्या दिवशी मुद्दाम येऊन पाळण्यात बसले होते. त्यांनी वरून सगळं पाहिलं आणि खूश होऊन घरी गेले. तेवढ्या उंचीवरून सगळं चांगलंच दिसतं.

महिन्याभरात टेकडीवरचं मंडळ आलं. त्यांचं म्हणणं, आमचा काय देव नाही? मग नदीपलीकडचं आलं. मॅनेजर निःपक्षपाती माणूस, त्यानं सगळ्यांना जागा दिली. भाऊजींनी सगळ्यांचे मजकूर सारख्याच निष्ठेनं वाचले. ते म्हणायचे, दुसऱ्याचा देव आहे म्हणून उच्चार वाईट करायचा नाही. शेवटी देव न मानणाऱ्यांचा संघ आला. या बाकीच्यांचं चालतं तर आमचं का नको, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. त्यांचा मजकूर असा: "थांबा. वर कुणीही नाही. तुमची हाक कुणी ऐकत नाही. स्वतः विचार करा." भाऊजी तो खणखणीत वाचायचे, मग बटण बंद करून दोन्ही कानांना हात लावायचे आणि पुटपुटत माफी मागायचे. हे मला पहारेकऱ्यानं सांगितलं.

अशा रीतीनं भोंगा दर सात-आठ मिनिटांनी बोलायला लागला. तो ऐकतो, तो ऐकत नाही, तो टेकडीवर ऐकतो, तो नदीपलीकडे ऐकतो.

नव्याचे नऊ दिवस. पहिला महिना माझ्यासमोरची रांग मान खाली घालत होती. दुसऱ्या महिन्यात अर्धेच भांग दिसायला लागले. मग एका दुपारी खरा पुकारा चालू असताना माझ्या ध्यानात आलं, की मला सगळ्यांचे चेहरे दिसतायत. कुणी जांभया देतंय, कुणी सुट्टे मोजतंय, एक जण मला विचारतोय, घोड्यांना किती वेळ लागेल. रोज मरे त्याला कोण रडे? वरचे दोन ठोके, जे चार मिनिटांत यायचे, ते पंधरा मिनिटांनी यायला लागले. मग चाळीस.

मी भाऊजींना म्हटलं, "तुमच्या कानावर घालते. लोक बघत नाहीत हो आता."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. ते मॅनेजरकडे दोनदा जाऊन आले होते. करार वर्षाचा होता.

आणि मग ती मुलगी आली.

चारचा सुमार असेल. चार वर्षांची, पिवळ्या झग्याची, मधलं बटण नसलेली. मी तिला जिना चढताना पाहिलं. भाऊजींनी नेहमीसारखं जमिनीवर बसून विचारलं, आणि तिनं सांगितलं: तपकिरी सँडल, डाव्या पायाचं बक्कल पडलेलं आणि त्या जागी लाल बटण शिवलेलं. "ते बटण माझ्या झग्याचं आहे," ती म्हणाली. "मी दिलं आईला." भाऊजी तिला म्हणाले, आता बघ, चार मिनिटांत येईल.

पुकारा झाला. माझ्यासमोर बावीस माणसं उभी होती. एक म्हातारा तेवढा खाली वाकला, आणि तोसुद्धा त्याची काठी पडली म्हणून.

दुसरा पुकारा. तिसरा. मधे जाहिरातींची वेळ झाली, त्या वाचल्या. चौथा. मी तिकिटं फाडत होते, पण कान छताकडे. पाच वाजले, ठोके नाहीत. साडेपाच झाले, ठोके नाहीत. पुढचं मला भाऊजींनी नंतर सांगितलं.

मुलीनं आधी चार बिस्किटं खाल्ली. मग एक आईसाठी ठेवलं. मग ती बाकावरून उतरून खिडकीशी गेली, पण खिडकी उंच होती. भाऊजींनी अकरावा पुकारा केला आणि लगेच मंडळाच्या जाहिरातीची वेळ झाली म्हणून तीही वाचली. "तो तुमची हाक ऐकतो." मुलीनं विचारलं, "कोण ऐकतो?"

"देव."

"मग आई का ऐकत नाही?"

भाऊजी काहीतरी बोलले, काय ते त्यांनाही आठवत नाही. तेवढ्यात संघाची वेळ झाली. त्यांनी मायक्रोफोन पुढं ओढला, "थांबा. वर कुणीही नाही. तुमची हाक कुणी..." इथपर्यंत आले, आणि त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती ठेवलेलं बिस्किट खात होती. रडत नव्हती. आई येणार नाही हे तिनं मनाशी ठरवलं होतं आणि म्हणून आता बिस्किट ठेवायचं काही कारण नव्हतं.

भोंगा वाक्याच्या मध्येच बंद पडला. अठरा वर्षांत मी तो आवाज असा तुटलेला कधी ऐकला नव्हता. जिन्यावर पावलं वाजली आणि भाऊजी त्या मुलीचं बोट धरून खाली आले. त्यांचं तोंड असं झालं होतं, की मी खिडकी धाडकन बंद केली आणि समोर रांग असताना बाहेर पडले. रांगेनं माझा उद्धार केला. तो ऐकायला मी तिथं नव्हते.

आम्ही तिघं अख्खी बाग चाललो. भाऊजी एकीकडे, मी एकीकडे, मध्ये ती, आणि तिघांच्याही माना खाली. घोड्यांपाशी पाय बघितले, आगगाडीच्या फलाटावर बघितले. लोकांना वाटलं काही पडलंय आमचं. दोघांनी मदत म्हणून गवतात हात फिरवले. साडेसहाला होड्यांच्या रांगेशी आलो तेव्हा ती मुलगी म्हणाली, "ते बघ माझं बटण."

आई हसत होती. कुणाच्या तरी विनोदावर, खांबाला टेकून. त्याच खांबावर भोंगा होता. दोन कुटुंबं मिळून अकरा माणसं आली होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आई समजत होती पोरगी मावशीकडे आहे, मावशी समजत होती आईकडे आहे. वाईट बाई मुळीच नव्हती. वाईट असती तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"अगंबाई, तू इकडे कशी?" ती म्हणाली.

भाऊजींनी विचारलं, "पुकारा ऐकला नाहीत का हो? तपकिरी सँडल, लाल बटण. अकरा वेळा केला."

"आवाज येत होता ना," ती म्हणाली. "पण आता सारखंच काहीतरी चालू असतं तुमचं." आणि मग तिनं खाली बघितलं, आपल्याच पायाकडे. ती मटकन खाली बसली आणि पोरीला छातीशी धरून अशी रडली, की होडीवाल्यानं वल्हं खाली ठेवलं. पोरगी मात्र आईच्या खांद्यावरून भाऊजींकडे बघत होती. सातची घंटा व्हायला पंचवीस मिनिटं होती. नियमानं बघितलं तर बावीस वर्षांचा हिशेब अजून मोडला नव्हता. भाऊजी म्हणाले, "मोडला."

त्या रविवारी मीही मंडळात गेले. एरवी माझं देवाशी येणं-जाणं बेताचंच. भाऊजी वाचनाला उभे राहिले, ग्रंथ उघडला, मग मिटला. म्हणाले, "मी भोंग्यावरून मंडळाची जाहिरात यापुढे वाचणार नाही. कुणाचीच वाचणार नाही."

सभा चमकली. ताईनं पहिल्या ओळीत कपाळाला हात लावला. प्रसिद्धीप्रमुख उठून अगदी मायेनं म्हणाले, "अहो, पण तिथं लोक माना लववायचे. मी स्वतः पाहिलंय वरून."

"ते चपला बघत होते," भाऊजी म्हणाले.

"कुणाच्या?"

"ज्याच्या त्याच्या." आणि भाऊजींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पहिली मुलगी, निळं नख, सगळं.

प्रसिद्धीप्रमुखांनी हळूच विचारलं, "आणि आता?"

"आता तेही बघत नाहीत." भाऊजी पुढं म्हणाले, "माझी श्रद्धा आहे, की तो ऐकतो. पण त्याचं ऐकणं मी लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की त्यांनी एका लेकराचं ऐकणं सोडलं. त्या पोरीनं मला विचारलं, देव ऐकतो तर आई का ऐकत नाही. मला उत्तर आलं नाही. ज्याला एवढं उत्तर येत नाही, त्यानं ती जाहिरात वाचू नये."

प्रसिद्धीप्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी जाहिरात मागं घेतली. मी त्यांना मघाशी टकले म्हटलं, पण माणूस सोन्यासारखा. टेकडीवाल्यांना मागं राहायची लाज वाटली, त्यांनी आठवड्यानं काढली, नदीपलीकडच्यांनी त्यानंतर. देव न मानणाऱ्यांचा संघ सर्वांत शेवटी हलला. ते तत्त्वाचे पक्के, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. अखेर त्यांच्याच अध्यक्षाचा पुतण्या घोड्यांपाशी हरवला आणि पाऊण तास सापडला नाही. मग त्यांनी स्वतः विचार केला. घसरगुंडीचा रंग मात्र झाला. निळा आहे.

भाऊजींचं वाचन गेलं. देवाची जाहिरात बंद करा असं देवाच्याच दारात म्हणणाऱ्याच्या तोंडून ग्रंथ कसा ऐकायचा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. आता एक निवृत्त मास्तर वाचतात. ते प्रत्येक ओळ प्रश्न विचारल्यासारखी वाचतात. भाऊजी शेवटच्या ओळीत, दाराशी बसायला लागले. त्यांनी तक्रार केली नाही, पण शनिवारी रात्री सवयीनं घशासाठी गरम पाणी घ्यायचे, आणि मग आठवायचं, की उद्या काही नाही. हे बघणं मला फार जड गेलं. ताईनं दीड महिना धुसफूस केली. मग एका रविवारी पहिल्या ओळीतून उठली, पायघोळ पातळ सांभाळत मागं गेली आणि त्यांच्याशेजारी बसली. अजून तिथंच बसते. कुणी विचारलं तर सांगते, पुढं वारा लागतो.

भोंगा पुन्हा गप्प झाला, पण मोडलेली सवय अशी भोंग्यासारखी बटणानं परत येत नाही. पहिल्या पुकाऱ्याला माझ्यासमोर दोन भांग दिसले. महिन्यानं पाच. भाऊजी पुकारा करायचे आणि लगेच स्वतःही खाली उतरून बोट धरून फिरायचे, सतरा पायऱ्या दिवसातून दहा वेळा, गुडघ्यांची वाट लावून. मी म्हणायचे, भाऊजी, बसा हो. ते म्हणायचे, "वर बसून हाक मारणाऱ्यावर आता त्यांचा विश्वास नाही, मेव्हणीबाई."

आठ महिने गेले. परवाची गोष्ट. दुपारची वेळ, खिडकीशी रांग, रांगेत नातींना घेऊन प्रसिद्धीप्रमुख. भोंगा खरखरला. "हिरव्या चपला. उजव्या पायात पैंजणाच्या जागी दोरा." आणि माझ्यासमोरची रांग एका झटक्यात खाली वाकली. मी मोजले. चौदा भांग, आणि अगदी माझ्या पुढ्यात एक टक्कल, सगळ्यांत जास्त वाकलेलं. दोन्ही नातींचे हात धरून तो गृहस्थ आपले काळे बूट निरखत होता.

रांगेतली सातवी बाई किंचाळली. हातातली पिशवी तिथंच टाकून ती जिन्याकडे धावली, आणि तिच्या हिरव्या चपलांचा आवाज लोखंडी पायऱ्यांवर वरपर्यंत ऐकू आला. रांगेतलं कुणी पुढं सरकलं नाही.

मग छतातून टाचेचे दोन ठोके आले. माझ्या टेबलावर माती पडली. मला डोळे पुसायचे होते, पण हात मातीनं भरले होते, म्हणून मी तशीच बसून राहिले.

प्रसिद्धीप्रमुखांनी मान वर केली आणि म्हणाले, "एक मोठं, दोन लहान. उभा पाळणा नको. घोडे द्या."